लॉग म्हणजे किती घड्या?

*बाई, नमस्कार. मी सोलापुरात एका ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवतो. दुसरंच वर्ष आहे. यंदा अकरावी सायन्सच्या हुशार मुलांची बॅच माझ्याकडे दिली आहे. चाळीस मुलं, सगळ्यांना दहावीला नव्वदच्या पुढे. लॉगचे नियम त्यांना माझ्याआधी क्लासमध्येच पाठ करून दिलेत. गणितं धडाधड सोडवतात. पण परवा सहज विचारलं, टेबल न बघता लॉग ५० अंदाजे किती येईल? वर्ग चिडीचूप. त्याच तासाला पहिल्या बाकावरच्या मुलीनं लॉग (क्ष + ३) फोडून लॉग क्ष + लॉग ३ असं लिहिलं. आणि शेवटी एक मुलगा उठून म्हणाला, "सर, लॉग म्हणजे नेमकं काय?" मी व्याख्या सांगितली. तो म्हणाला, "ती पाठ आहे सर. पण ते आहे काय?" मला उत्तर देता आलं नाही. लॉग आणि घातांकी फलनं मिळून चार तास आहेत. पालकांचं सगळं लक्ष सीईटीकडे. सुरुवात कुठून करू?*
*— एक शिक्षक, होटगी रोड*

सर,

वयानं तुम्ही माझ्या मुलापेक्षाही लहान असाल, पण स्टाफरूमची सवय जात नाही, तेव्हा 'सर'च म्हणते.

आधी त्या उठलेल्या मुलाला जपा. "पाठ आहे, पण आहे काय?" हे चारचौघांत विचारायला हुशार मुलं फार घाबरतात. आपल्याला काही येत नाही हे दाखवायची त्यांना सवयच नसते. आणि तुम्हाला उत्तर आलं नाही याचंही फार मनावर घेऊ नका. नोकरीची पहिली सहा-सात वर्षं मलाही आलं नसतं. फक्त माझ्या वर्गात विचारणारा कुणी निघाला नाही, म्हणून झाकली मूठ राहिली.

आमच्या वेळी लॉग म्हणजे फिजिक्सच्या प्रॅक्टिकलला लागणारं ते पातळ पुस्तक. आधी ओळ, मग रकाना, मग मीन डिफरन्स मिळवायचा, शेवटी अँटीलॉग. मधमाशीनं मध गोळा करावा तसं मी आकडे गोळा करत असे, कशासाठी ते ठाऊक नाही. एकदा ०.०५ चा लॉग बार २.६९९० असा बरोबर काढला आणि पुढच्या ओळीत तो उणे २.६९९० समजून बेरजेत घेतला. तारेची जाडी मिलिमीटरभर यायची, ती माझ्या वहीत केसाहूनही बारीक आली. मी ती दोन रेघांच्या चौकटीत सुबक लिहून दिली! बार फक्त २ वर आहे, म्हणजे उणे २ अधिक ०.६९९०, म्हणजे उणे १.३०१०, हे मला पुढे शिकवायला लागल्यावर कळलं. बोर्डाच्या पेपरात आजही कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालतं. त्यामुळे आपली मुलं लॉगला पहिल्यांदा भेटतात ती आकडेमोडीचं यंत्र म्हणून. तुमच्या मुलाचा प्रश्न तिथूनच आलाय.

त्याला द्यायचं उत्तर एवढंच: लॉग म्हणजे "किती वेळा?" या प्रश्नाचं उत्तर. पण हे नुसतं सांगू नका, नाहीतर तेही पाठ करतील.

पहिल्या तासाला घरातली एक चादर घेऊन जा. आपलीच, सोलापुरी. जुनी घ्या, धुऊन मऊ झालेली. नवी करकरीत चादर घडीला दाद देत नाही. दोन मुलांना पुढे बोलवा आणि घडी घालायला लावा. प्रत्येक घडीनंतर बाकीच्यांनी थर मोजायचे. २, ४, ८, १६, ३२. पाचव्या घडीपर्यंत हसतखेळत होतं. सहावीला दोघांना गुडघे टेकवून बसावं लागतं, आणि "सातवी बसत न्हाई की ओ बाई" हे मी दरवर्षी ऐकलंय. चादर २ मिलिमीटर जाडीची धरली तर सहाव्या घडीला गठ्ठा १२८ मिलिमीटरचा होतो. घातांकी वाढ म्हणजे काय हे त्या पोराच्या गुडघ्यांना कळलेलं असतं. फळ्यावर अजून एक अक्षर लिहिलेलं नाही.

आता प्रश्न उलटा करा. घडी घातलेली चादर टेबलावर ठेवा. "थर ३२ आहेत. घड्या किती?" पाच. "थर ८ असते तर?" तीन. बस, लॉग झाला. २ पायाचा ३२ चा लॉग ५. चिन्ह आत्ता लिहा, आधी नको. आधी प्रश्न, मग त्याचं नाव.

इथं दोन गोष्टी घाई न करता करा. पहिली, तीन घड्या घातलेली, म्हणजे आठ थरांची चादर आणखी दोनदा दुमडा. थर चौपट झाले, ३२. घड्या मात्र तीन अधिक दोन, पाच. थरांचा गुणाकार होतो तेव्हा घड्यांची बेरीज होते. ज्या नियमाला मुलं 'पहिला नियम' म्हणून चौकटीत बसवतात तो इथं डोळ्यांसमोर घडतो. दुसरी गोष्ट, विचारा, "२४ थरांना किती घड्या?" २४ हा १६ आणि ३२ च्या बरोबर मधे, म्हणून निम्मा वर्ग "साडेचार" म्हणेल. म्हणू द्या. मग २ चा साडेचारावा घात काढायला लावा: २२.६ च्या आसपास येतो. म्हणजे २४ ला साडेचारपेक्षा थोडं जास्त लागतं, ४.५८. चादरीला ४.५८ घड्या घालता येत नाहीत, पण घाताला तिथं जाता येतं. पूर्णांकातून अपूर्णांकात जायची ही पायरी पुस्तकं एका ओळीत उरकतात. मी त्यावर अर्धा तास खर्च केलाय आणि तो कधी वाया गेला नाही.

ही मोजदाद आपल्याकडे जुनी आहे. वीरसेनाचार्यांच्या 'धवला' टीकेत, म्हणजे नवव्या शतकाच्या सुरुवातीला, 'अर्धच्छेद' हा शब्द येतो: एखादी संख्या किती वेळा निम्मी करता येते ती गणना. ३२ चे अर्धच्छेद ५. तिप्पटीच्या हिशोबासाठी 'त्रिकच्छेद'. गुणाकाराचे अर्धच्छेद म्हणजे दोन्ही संख्यांच्या अर्धच्छेदांची बेरीज, हेही त्यांना ठाऊक होतं. त्याच शतकातल्या महावीराचार्यांचा 'गणितसारसंग्रह' हिंदी अनुवादासह १९६३ मध्ये छापला गेला तो आपल्या सोलापुरातूनच, जैन संस्कृति संरक्षक संघाकडून. हे मुलांना जरूर सांगा, पण "सगळं आपल्याकडे आधीच होतं" म्हणून छाती फुगवायला नको. अर्धच्छेदांतून लॉग टेबल तयार झालं नाही. ते काम स्कॉटलंडच्या जॉन नेपिअरनं केलं, खगोलशास्त्रज्ञांचा लांबलचक गुणाकारांचा त्रास वाचावा म्हणून, आणि त्यात त्याची वीसएक वर्षं गेली. १६१४ ला त्याचं पुस्तक आलं.

दुसऱ्या तासाला मुलांकडून टेबल बनवून घ्या. छापील पुस्तकं दप्तरात ठेवायला सांगा, फोन बंद. फळ्यावर एकच ओळ लिहा: २ चा दहावा घात १०२४. एक हजाराच्या किती जवळ! हजाराचा १० पायाचा लॉग ३. म्हणजे दहा वेळा लॉग २ जवळजवळ ३, म्हणून लॉग २ जवळजवळ ०.३. एवढी एकच गोष्ट हाती आली की बाकी घरचं. ५ म्हणजे १० भागिले २, तर लॉग ५ = ०.७. सर, तुमचा लॉग ५० इथं १.७ म्हणून सुटला. ४, ८ आपोआप आले. ३ साठी ८१ आणि ८० शेजारी आहेत हे मुलांना हेरू द्या: चार वेळा लॉग ३ जवळजवळ १.९, म्हणून लॉग ३ = ०.४७५. मग ६ आणि ९ फुकट. ७ साठी बहुतेक जण ४९ ला ५० धरतील आणि ०.८५ काढतील. एखादी मुलगी मात्र शांतपणे ७ चा चौथा घात २४०१ काढेल, त्याला २४०० धरेल आणि ०.८४४ वर येईल. माझ्या एका वर्गात एकीनं असं केलं होतं. आम्ही टेबल उघडलं, ०.८४५१. वर्गानं टाळ्या वाजवल्या. लॉगच्या तासाला टाळ्या मी तेव्हा पहिल्यांदा ऐकल्या.

लगेच विचारा, २ चा हजारावा घात लिहिला तर त्यात किती अंक असतील? घरचं टेबल सांगेल, हजार गुणिले ०.३, म्हणजे ३००, म्हणून ३०१ अंक. छापील टेबलातला ०.३०१० घेतला तर ३०२. खरे ३०२ आहेत. तिसऱ्या दशांश स्थळानं एक अख्खा अंक खाल्ला. यानंतर सांगा की हेन्री ब्रिग्जनं १६१७ मध्ये १ ते १००० चे लॉग चौदा दशांश स्थळांपर्यंत छापले, हातानं आकडेमोड करून. मग "चौदा कशाला?" असं कुणी विचारत नाही.

पहिल्या बाकावरच्या मुलीचं औषधही याच टेबलात आहे. तिला रागावू नका, तांबडी फुलीही नको. तिलाच म्हणा, क्ष च्या जागी २ घालून बघ. लॉग (२ + ३) म्हणजे लॉग ५, ०.७. लॉग २ आणि लॉग ३ ची बेरीज ०.७७५, आणि ती टेबलात कुणासमोर आहे? ६ समोर. म्हणजे तिनं लिहिलेली बेरीज २ + ३ ची नव्हे, २ गुणिले ३ ची होती. चूक तिथल्या तिथं मोडते. तुमची बॅच हुशार आहे म्हणून इथं थांबू नका. विचारा, "हे चुकीचं समीकरण कधी खरं ठरतं?" दोन संख्यांची बेरीज आणि गुणाकार सारखा असेल तेव्हा. २ आणि २. ३ आणि १.५. एका संख्येवरून दुसरी काढायचं सूत्र त्यांना शोधू द्या. मग तीन संख्यांवर जा: १, २, ३ यांची बेरीज ६ आणि गुणाकारही ६, म्हणून लॉग (१ + २ + ३) हा लॉग १ + लॉग २ + लॉग ३ इतकाच येतो. चुकीतून निघालेलं हे गणित त्या मुलीचं म्हणून वर्गाच्या लक्षात राहील.

या दोन तासांत एखाददुसरा मुलगा कंटाळलेला दिसेल, सगळं आधीच येतं असा चेहरा करून. त्याला हळूच एक चिठ्ठी द्या: लॉग २ अपरिमेय आहे हे सिद्ध कर. लॉग २ हा प भागिले फ असता तर १० चा प वा घात आणि २ चा फ वा घात सारखे आले असते; पण पहिल्याला ५ नं भाग जातो, दुसऱ्याला कधीच जात नाही. तीन ओळींची सिद्धता आहे, पण त्याचा उरलेला तास चांगला जाईल.

तिसरा तास आलेखाचा. २ च्या घाताचा आलेख ट्रेसिंग पेपरवर काढा आणि कागद तिरक्या रेषेवर उलटा, दोन्ही अक्षांनी जागा बदलली की लॉगचा आलेख मिळतो. इथं प्रमाण धरून बोला. एका एककाला एक सेंटिमीटर घेतला, तर घाताचा आलेख उजवीकडे २० सेंटिमीटर गेल्यावर १०,४८,५७६ सेंटिमीटर उंच असतो, म्हणजे साडेदहा किलोमीटर. उलट लॉगचा आलेख सात रस्त्यावरून तुमच्या होटगी रोडनं निघाला, विमानतळ मागे टाकून साडेदहा किलोमीटर गेला, तरी तिथं जमिनीपासून फक्त २० सेंटिमीटर वर. वीतभर. आणि तरीही तो कुठंही थांबत नाही, चढतच राहतो. हे ऐकल्यावर मुलं एकमेकांकडे बघतात.

आलेखावरच ऋण संख्येचा घोळ मिटवा, कारण सीईटीत मार्क तिथं जातात. लॉग क्ष + लॉग (क्ष − ३) = १ हे समीकरण द्या. मुलं गुणाकार करून ५ आणि उणे २ काढतात आणि दोन्ही उत्तरं लिहून मोकळी होतात. कितीही घड्या घाला, उलगडा, चादरीचे थर शून्याच्या खाली जात नाहीत. उणे २ थरांची चादर नसते. म्हणून उणे २ बाद. पण त्यांना हेही विचारा की लॉग (क्ष गुणिले (क्ष − ३)) = १ असं सुरुवातीपासूनच दिलं असतं तर उणे २ चाललं असतं का? चाललं असतं, कारण आतला गुणाकार १० येतो. नियम लावताना आपण दाराची रुंदी बदलतो हे तिथं समजतं. पाया १ पेक्षा लहान असला की असमानतेचं चिन्ह का उलटतं, तेही आलेखावर एकदा दाखवलं की पुरे.

डेसिबल आणि भूकंप यांवर फार वेळ घालवू नका, दहा मिनिटं बास. मिरवणुकीत एक डॉल्बीची भिंत १०० डेसिबल, शेजारी तशीच दुसरी लावली तर २०० होत नाहीत, १०३ होतात. हे ३ म्हणजे दहा गुणिले लॉग २, आपल्याच टेबलातलं. दहा भिंती लावल्या तर ११०. आणि किल्लारी. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, विसर्जनाची रात्र सरत असताना, आम्ही इथं सोलापुरात अंथरुणातून उठून रस्त्यावर आलो होतो. तो ६.२ चा होता. ७.२ चा असता तर आकडा एकानंच वाढला असता, पण जमिनीच्या हालचालीचा आवाका दहापट आणि ऊर्जा साधारण बत्तीसपट. मुलांना घरी जाऊन विचारायला सांगा. सोलापूरच्या बहुतेक घरांत त्या पहाटेची एक तरी गोष्ट आहे.

चौथा तास ई साठी राखा, काही झालं तरी. बहुतेक वर्गांत ई हा २.७१८ म्हणून फळ्यावर अवतरतो आणि मुलं देवाला हात जोडावेत तसं त्याला मान्य करतात. मी सावकारापासून सुरू करते. एक रुपया, वर्षाला शंभर टक्के व्याज. (असले सावकार आपल्याकडे नवे नाहीत.) वर्षअखेर दोन रुपये. सावकार सहा महिन्यांनी पन्नास टक्के लावून चक्रवाढ करू लागला तर २.२५. दर महिन्याला केलं तर २.६१. रोज केलं तर २.७१. आता दर सेकंदाला केलं तर? आधी सगळ्यांना वहीत अंदाज लिहायला लावा. कुणी दहा लिहितं, कुणी हजार, एखादा "अनंत" लिहितो. आणि मग २.७१८ च्या पुढे रुपया हलतच नाही. हे जेकब बर्नुलीनं १६८३ मध्ये व्याजाचाच विचार करताना पाहिलं होतं. ई हे अक्षर नंतर ऑयलरनं रूढ केलं.

पण "याला नैसर्गिक का म्हणायचं?" हा प्रश्न उरतो. तिथं उताराकडे जा. आता फोनवरचा कॅल्क्युलेटर चालेल. २ चा ०.००१ वा घात काढा, त्यातून १ वजा करा, ०.००१ नं भागा: ०.६९३. ३ साठी तेच करा: १.०९९. शून्याजवळ एका आलेखाचा उतार एकापेक्षा कमी, दुसऱ्याचा जास्त. मग मधे कुठंतरी असा पाया हवाच ज्याचा उतार बरोबर १ असेल. तोच ई. बारावीत "ई च्या क्ष घाताचं डेरिव्हेटिव्ह तेच" हे आलं की तुमची मुलं मान डोलवणार नाहीत, ओळखीचं हसतील. ०.६९३ चीही ओळख धरून ठेवा, तो २ चा नॅचरल लॉग आहे आणि पुढे अर्धायुष्यकालात परत भेटतो. सात टक्क्यांची एफडी दामदुप्पट व्हायला किती वर्षं, हे आजोबा ७२ भागिले ७ करून सांगतात. लॉगनं काढलं तर १०.२४ वर्षं येतात, आजोबांचे १०.३. आजोबांचं सूत्र कुठून आलं ते मुलांना घरी जाऊन सांगू द्या.

चहा निवण्याचं गणित बारावीला ठेवा, फक्त एक चूक आत्ताच सांगून ठेवा. निम्मं होतं ते तापमान नव्हे, खोलीशी असलेला फरक. खोली ४० अंशांवर आणि चहा ८० वर असेल, आणि दहा मिनिटांत फरक निम्मा होत असेल, तर तो ६० वर येईल, पुढच्या दहा मिनिटांत ५० वर. मे महिन्यात आपल्याकडे चहा निवतच नाही अशी तक्रार असते, ती गणिताला धरूनच आहे.

राहिले पालक. नियमांची सरावगणितं घरी करायला द्या, तुमची मुलं ती एका संध्याकाळी संपवतील. तुम्हीच लिहिलंय की धडाधड सोडवतात. कुणा पालकानं येऊन विचारलं की चार तासांत चादरी कसल्या दुमडताय, तर वाद घालू नका. त्यांना खुर्ची द्या, त्यांच्या मुलाला बोलवा आणि टेबल न देता लॉग ७० विचारा. १.८५ किंवा त्याच्या आसपास काहीही म्हणाला तरी चालेल.

— बाई